सशर्त प्रवेशाचा इतिहास

दरवर्षी 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, आणि त्या निमित्ताने होणाऱ्या व्याख्यानांत विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांचाही आदराने नामोल्लेख करण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. हा उल्लेख बहुधा ‘पहिली’ या विशेषणाने सुरू होतो आणि टाळ्यांच्या गजरात संपतो. पण ती पहिली कोणत्या अटींवर आत आली, तिला वेतन मिळाले की नाही आणि तिच्यापाठोपाठ येऊ पाहणाऱ्या दुसरीचे पुढे काय झाले, हे विचारणे त्या मंगल प्रसंगी कोणाला प्रशस्त वाटत नाही. माझ्या मते स्त्रियांच्या विज्ञानकार्याचा खरा इतिहास गौरवाच्या यादीत सापडणार नाही. तो संस्थांच्या दप्तरांत, प्रवेशाच्या, नेमणुकीच्या आणि वेतनाच्या हुकुमांत आहे, व तो तेथेच वाचला पाहिजे.

ज्यांच्या शोधाप्रीत्यर्थ हा दिवस पाळला जातो त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याच कारकिर्दीतील एक प्रकरण घ्या. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला, म्हणजेच पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, 1933 साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन बंगळूरच्या ज्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेल्या, तेथेच त्यांचे वडील आणि चुलते रसायनशास्त्र शिकलेले होते. परंतु संचालकपदी असलेल्या रामन यांनी अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळला. कमलाबाईंनी सत्याग्रह आरंभिला, तेव्हा प्रवेश मिळाला तो तीन शर्तींवर: वर्षभर त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत होणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल, आणि त्यांच्या वावराने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. या तिसऱ्या शर्तीचा न्याय मोठा अजब आहे. चित्त ढळायचे दुसऱ्याचे, आणि जामीन राहायचे हिने!

श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून कमलाबाईंनी ते वर्ष असे गाजवले, की पुढे रामन यांनी संस्थेचे दार स्त्रियांना खुले केले, व या मतांतराचे श्रेय त्यांना निःसंकोच दिले पाहिजे. नंतर केंब्रिजला बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन असल्याचे कमलाबाईंनी दाखवून दिले, आणि उण्यापुऱ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर 1939 साली पीएच.डी. मिळवली. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला, तो कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहाराच्या दृष्टीने. एवढे होऊनही त्या संस्थेचे संचालकपद त्यांच्या हाती यावयास काही वर्षांचा विलंब लागलाच.

हा दोष केवळ आपल्याच देशाचा नव्हे. जर्मनीतील गटिंगेन येथे डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन यांच्यासारख्या गणितज्ञांनी 1915 साली एमी नोएथर यांना बोलावून घेतले, तरी प्राध्यापक मंडळातील विरोधामुळे त्यांची व्याख्याने कित्येक वर्षे हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत राहिली. निसर्गातील सममिती आणि अक्षय्यतेचे नियम यांचा संबंध जोडणारे त्यांचे प्रमेय 1918 सालचे. स्वतःच्या नावाने शिकवण्याची मुभा मिळाली 1919 साली, आणि पगार सुरू झाला तो 1923 साली. इकडे अ‍ॅना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत माणिक आणि हिरे यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन करून 1945 साली प्रबंध सादर केला, परंतु एम.एस्‌सी.ची पदवी नाही या सबबीवर मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. त्याच मणीबाईंनी पुढे पुण्यात हवामान खात्यात रुजू होऊन सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, म्हणजे पर्जन्य, वारा आणि ऊन मोजण्याच्या बाबतीत देशाला स्वावलंबी करण्यात मोठा वाटा उचलला.

यावर कोणी म्हणेल, की प्रतिभा अस्सल असली म्हणजे ती वाट काढतेच, आणि वरील नावेच त्याची साक्ष देतात. हा युक्तिवाद दिसतो तेवढा निर्दोष नाही. कारण साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या या स्त्रिया त्या गाळणीतून पार पडलेल्या आहेत, आणि ज्यांच्या पाठीशी कमलाबाईंसारखे विज्ञानाचे संस्कार असलेले घर नव्हते, किंवा ज्यांना दारात बसून राहण्याइतकी सवड नव्हती, त्या नकाराचे पत्र घेऊन निमूटपणे परतल्या व त्यांनी काय शोधले असते याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

आज असल्या शर्ती कोणी लेखी घालत नाही, हे खरे. परंतु ज्या वयात बाळंतपण आणि संगोपन यांचा भार पडतो नेमक्या त्याच वयात नेमणुकीची वयोमर्यादा आडवी येते, प्रयोग रात्री चालतात पण सुरक्षित निवास व पाळणाघर यांची तजवीज नसते, आणि हंगामी नेमणुकीची मुदत वाढवताना उमेदवाराच्या कामापेक्षा तिच्या रजेचीच अधिक चर्चा होते; शर्त न लिहिता ती अमलात आणण्याचे हे मार्ग आहेत. म्हणून माझी सूचना अशी, की सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधनसंस्थेने स्त्रियांचे अर्ज किती आले, किती जणींना प्रवेश मिळाला, किती कायम झाल्या आणि किती मधेच सोडून गेल्या, याचे पत्रक दरवर्षी प्रसिद्ध करावे, व सरकारने अनुदान मंजूर करण्यापूर्वी ते पाहावे. जी संस्था हे पत्रक देणार नाही, तिचे अनुदान ते मिळेपर्यंत तहकूब ठेवण्यात काहीही अन्याय होणार नाही.