नववीतल्या मुलांची कायमची फर्स्ट शिफ्ट

पहाटे साडेसहाच्या सुमारास स्पाईन रोडवर किंवा निगडीच्या चौकात उभे राहून बघा. एका बाजूला चाकणच्या कंपन्यांच्या बसची वाट पाहणारे कामगार, दुसऱ्या बाजूला स्कूल व्हॅनची वाट पाहणारी मुले. दोघांच्या पाठीवर सॅक, दोघांचे डोळे अर्धवट मिटलेले. फरक एवढाच, की कामगाराची पाळी बदलत राहते. आज फर्स्ट शिफ्ट, काही दिवसांनी सेकंड. तुमच्या मुलाची फर्स्ट शिफ्ट मात्र दहावीपर्यंत कायम.

माझ्याकडे येणाऱ्या शाळकरी मुलांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सकाळी मळमळते, डबा तसाच परत येतो, डोके दुखते, चिडचिड होते, 'वाचलेले लक्षात राहत नाही'. आईबाबांची मागणीही ठरलेली: "डॉक्टर, रक्त कमी असेल, एखादे टॉनिक द्या." कबूल करतो, अनेक वर्षे मीही टॉनिक लिहून देत होतो. तपासणी करायलाच हवी, आणि काही मुलींमध्ये हिमोग्लोबिन खरोखरच कमी निघते. पण बऱ्याचदा रिपोर्ट नॉर्मल येतो. मग मी एकच प्रश्न विचारतो: रविवारी कोणी उठवले नाही तर किती वाजता उठतोस? उत्तर 'दहा' किंवा 'साडेदहा' असेल आणि शाळेच्या दिवशी साडेपाचला उठावे लागत असेल, तर आजार बहुतेक कळलेला असतो. आठवडाभराची थकलेली झोप मूल रविवारी वसूल करत असते.

हिशोब साधा आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १०. साडेपाचला उठायचे तर नववीतल्या मुलाने कमीत कमी साडेनऊला झोपलेले असायला हवे. तुमच्या घरात हे शक्य आहे का? क्लास सुटतो साडेआठला, जेवण नऊला, गृहपाठ त्यानंतर. एका मुलीला मी 'साडेनऊला दिवा बंद' असे लिहून दिले, तर ती हसली. बाबा सेकंड शिफ्ट करून पावणेबाराला घरी येतात आणि तेवढीच त्यांची भेट होते, म्हणाली. यावर माझ्याकडे औषध नव्हते.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे मुलांवर ओरडणे थोडे कमी होईल. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. अंधार पडला की ते मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढवते आणि झोप येऊ लागते. वयात येताना हे घड्याळ एक ते दोन तास पुढे सरकते. चौथीतले मूल नऊला पेंगते, तेच मूल नववीत अकराशिवाय झोपत नाही. हा आळस नाही आणि नुसता मोबाइलचाही दोष नाही. मोबाइल हे घड्याळ आणखी पुढे ढकलतो, हे खरेच. रात्री तो मुलाच्या खोलीबाहेर ठेवा, पण आधी स्वतःचाही ठेवा. शिवाय स्वप्नांची झोप पहाटेच्या तासांत जास्त असते. साडेपाचचा गजर नेमका तिच्यावरच घाला घालतो.

आता आपल्या सरकारने काय केले ते पाहू. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासन निर्णय निघाला: पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, सर्व माध्यमांच्या आणि सर्व व्यवस्थापनांच्या शाळांत. म्हणजे खासगी शाळाही आल्या. निर्णय चांगला आहे. पण तो चौथीवर थांबला. जे मूल नऊला आपोआप झोपते त्याला सूट मिळाली आणि ज्याचे शरीरच अकराशिवाय झोपू देत नाही, ते सातच्या घंटेला हजर! इमारत एक आणि पाळ्या दोन असल्या, की सकाळची पाळी साहजिकच मोठ्यांच्या वाट्याला जाते.

शाळांच्या अडचणी खोट्या नाहीत. त्याच बसला दोन फेऱ्या कराव्या लागतात, आणि नऊच्या सुमारास भोसरी, मोशी, चाकण रस्त्यावर काय अवस्था असते ते तुम्ही रोज भोगता. पण व्यवहाराची अडचण वेगळी आणि 'लवकर उठण्याची शिस्त लागते' हा युक्तिवाद वेगळा. दुसरा मला अजिबात मान्य नाही.

'शाळा उशिरा केली तर मुले आणखी उशिरा झोपतील' असेही पालक म्हणतात. अमेरिकेत सिएटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. मुलांच्या मनगटावर यंत्रे बांधून झोप मोजली, तेव्हा ती रोज सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. पंचावन्न मिनिटांतली चौतीस मिनिटे झोपेलाच गेली. कॅलिफोर्नियाने तर २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचे नाही असा कायदाच लागू केला.

म्हणून पुढच्या पालक सभेत गणवेशाच्या दुकानावरून आणि स्नेहसंमेलनाच्या वर्गणीवरून वाद घालण्याआधी एक प्रश्न विचारा: आठवी ते दहावीची घंटा निदान आठ-सव्वाआठला होऊ शकेल का? एकट्याने विचाराल तर 'बघू' ऐकाल. वीस पालकांनी लेखी मागितले, तर व्हॅनच्या फेऱ्या कशा बसवायच्या यावर बोलणे तरी सुरू होईल. तोवर क्लासची शेवटची बॅच टाळा आणि व्हॅनमध्ये पहिला चढणारा मुलगा तुमचाच असेल तर मार्ग उलटा फिरवता येतो का ते चालकाला विचारा. वीस मिनिटे वाचली तरी ती झोपेची असतात. रविवारी दहाऐवजी आठच्या सुमारास उठवा आणि दुपारी अर्धा तास झोपू द्या. नाहीतर रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार वाया जातो.

एक मात्र लक्षात ठेवा. मूल नऊ तास झोपूनही वर्गात पेंगत असेल, रात्री मोठ्याने घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर तो शाळेच्या वेळेचा प्रश्न नाही. टॉन्सिल किंवा अॅडिनॉइड वाढलेले असू शकतात. झोपेतला एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि मुलासोबत तोही डॉक्टरांना दाखवा.