गिअर घासतो, म्हणून गिअरबॉक्सच बदलायचा?

जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराच्या नावाखाली अलीकडे एक रीत मूळ धरू पाहत आहे. तिचा स्पष्ट शब्दांत निषेध करणे आम्हांस आवश्यक वाटते. १९२८ ते १९३१ या काळातील फोर्ड मॉडेल ए सारख्या गाडीचा रंग, हूड, दिवे, चाकांचे आरे हे सारे हौसेने पूर्ववत् करावयाचे; पण आतील मूळ गिअरबॉक्स काढून तेथे पाच गतींचा आधुनिक सिंक्रोमेश गिअरबॉक्स बसवावयाचा. परदेशात तर त्यासाठी तयार संच विकत मिळतात. कारण एकच सांगितले जाते : जुना गिअर घासतो, नव्या माणसाला तो जमत नाही. आमच्या मते हा जीर्णोद्धार नव्हे. कळसाला मुलामा देऊन गाभाऱ्यातील मूर्ती बदलण्याचा हा प्रकार आहे.

मूळ यंत्र काय आहे, हे आधी पाहू. मॉडेल ए ला पुढच्या तीन व मागची एक अशा गती असतात. दांडा हलवला की एक दातेरी चाक शाफ्टवर प्रत्यक्ष सरकते आणि दुसऱ्या चाकाच्या दात्यांत जाऊन बसते. दोहोंच्या दात्यांचा वेग जुळला तर ते निमूटपणे बसते. न जुळला तर खरखरते. आधुनिक गाडीत हा वेग कांस्याची एक लहान कडी घर्षणाने जुळवून देते. ही सोय १९२८ साली कॅडिलॅकने प्रथम बाजारात आणली. मॉडेल ए मध्ये ते काम चालकाने करावयाचे असते, आणि तेच त्या गाडीचे वैशिष्ट्य आहे.

यात काही गूढ नाही. साधे अंकगणित आहे. या गाडीचा तिसरा गिअर १ : १ आणि दुसरा सुमारे १.८५ : १ असतो. म्हणजे तिसऱ्यात इंजिन मिनिटास १००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगात दुसरा टाकताना ते १८५० फेऱ्यांवर हवे. म्हणून क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच दाबून दुसरा. यालाच आपले जुने ड्रायव्हर 'डबल क्लच' म्हणत. वर चढवताना याच्या उलट : न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून इंजिनाचा वेग उतरू द्यावयाचा. आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना तालुक्यातालुक्यांतून हिंडविणाऱ्या जुन्या सरकारी जीपच्या पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश नसे. चौथी शिकलेले चालक ती गाडी आवाज न करता हाकत. त्यांना जे साधले, ते आजच्या सुशिक्षित हौशी मालकास का साधू नये?

आता दुरुस्तीविषयी. गिअर घासला की दोष गिअरबॉक्सच्या माथी मारणे हे निदान नव्हे, आळस आहे. गाडी उभी करून, इंजिन सुरू ठेवून, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि पहिला गिअर टाकावा. तरीही तो खरखरला, तर दोष बहुधा क्लचचा. पेडलाचा मोकळा खेळ तपासावा. प्लेट गंजून स्प्लाइनवर अडकते का पाहावे. फ्लायव्हीलच्या मध्यभागचे पायलट बेअरिंग कोरडे पडून जाम झाले, तर पेडल दाबूनही शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो. उभ्या गाडीत गिअर मुकाट्याने पडतो पण चालत्या गाडीत घासतो, तर दोष हाताचा किंवा तेलाचा. फोर्डने या पेटीसाठी अत्यंत दाट तेल सांगितले होते. पातळ तेल घातले की न्यूट्रलमध्ये चाके लवकर मंदावत नाहीत. शिवाय काही आधुनिक तेलांतील गंधकयुक्त रसायने कांस्याच्या बुशांना बाधतात.

चालता चालता गिअर सटकत असेल, तर झाकणातील स्प्रिंगा, झिजलेले फोर्क आणि बेअरिंगांचा खेळ पाहावा. दात्यांची टोके तुटलीच असतील तर ती कानस मारून चालवू नयेत, कारण वरचा कठीण थर गेल्यावर ते दाते टिकत नाहीत, चाकेच बदलावीत. सुमारे ४८ लाख बनलेल्या या गाडीचे नवे सुटे भाग अमेरिकेत आजही तयार होतात. तेव्हा 'भाग मिळत नाहीत' ही सबब टिकत नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र आम्ही गंभीर मानतो. उतारावर गिअर सापडला नाही तर संकट ओढवू शकते. परंतु त्यावरचा उपाय जुनाच आहे : उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उलट, पाचव्या गतीमुळे गाडी अधिक वेगाने पळेल, आणि ब्रेक मात्र तेच, सळयांनी ओढले जाणारे, राहतील. यास सुरक्षितता कसे म्हणावे?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. वाहन मूळ स्वरूपात असावे, त्यात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. आणि फेरफारांत सांगाडा, बॉडी व इंजिन यांचा समावेश सांगितला आहे. गिअरबॉक्सचे नाव नाही, म्हणून तो बदलण्यास मुभा आहे, असा युक्तिवाद आमच्या कानी आला. नियमांचा अर्थ लावण्यात हयात घालविलेल्या आम्हांस तो हास्यास्पद वाटतो. 'समावेश होतो' असे म्हटले, म्हणजे यादी तेथेच संपली असे होत नाही. आणि 'मूळ स्वरूप' हे शब्द तर नियमात आहेतच.

गाडी मालकाची आहे, हे आम्ही जाणतो. त्याने हवे ते बसवावे. मात्र मग तिला मूळ स्वरूपातील म्हणून मिरवू नये. प्रदर्शनांच्या परीक्षकांनी रंगाची चकाकी पाहून न थांबता गाडी हाकावयास लावून गुण द्यावेत. काढलेली पेटी भंगारात न घालता गाडीसोबत जपावी. आणि आपल्या गावात अशा पेट्या खोलणारा एखादा वृद्ध मिस्त्री उरला असेल, तर त्याच्याकडे एक तरुण हात शिकावयास बसवावा.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणांस हे अधिक सांगणे न लगे. दारावरची पाटी मराठी आणि घरात मराठीचा शब्द नाही, अशी वाडे-घरे आपण पाहतोच. पाटी रंगविणे सोपे असते; बोलणे टिकविण्यास रोजचा सराव लागतो. गिअरचेही तसेच आहे.