मावेल तेवढी कणीक

परवा ऑफिसात एकजण पंपकिन पायसाठी परदेशी गराचा डबा ऑनलाइन मागवत होता. अरे, मंडईत जा की! त्या डब्यांत बहुतेक वेळा असतो कुकुर्बिटा मोस्काटा, म्हणजे आपल्या तांबड्या भोपळ्याचाच भाऊ. आणि आपलाही मूळचा अमेरिकेचाच.

त्या शनिवारी मुरुडला गेलो (आमचं लातूरवालं, जंजिरावालं नव्हे) आणि आईकडून घारगे शिकायला बसलो. भोपळा किसला, गूळ घालून शिजवला.

"कणीक किती घालू?"

"मावेल तेवढी."

म्हणजे किती? दोन वाट्या? अडीच? दिवसभर स्पेसिफिकेशन वाचून डोकं असंच झालंय.

"भोपळ्याला पाणी किती सुटेल, काय सांगावं? वरून पाणी तेवढं घालू नको."

माझ्या मते तिचंच माप जास्त अचूक. डब्यातला गर आधीच आटवलेला, सारखा असतो, तिथे कपाचं माप चालतं. ताज्या भोपळ्याला तेच माप लावलं की पायचं सारण पातळ राहतं, आणि लोक नावं ठेवतात भोपळ्याला!

माझे पहिले दोन घारगे फुगलेच नाहीत. तिसरा टम्म.

मित्राला सांगितलं, गर फडक्यात बांधून टांग, मग आटव. त्यानं ऑर्डर अजून कॅन्सल केलेली नाही.