आईला व्हरांड्यात बसवू नका

दोन एप्रिलला आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निळी चित्रं फिरतात. जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. संयुक्त राष्ट्रांनी 2007 मध्ये ठराव केला आणि 2008 पासून तो पाळला जातो. कुणीतरी फलकलेखनाचा फोटो टाकतं, खाली अंगठे पडतात आणि लगेच मूल्यमापनाच्या पेपरांचे गठ्ठे कधी न्यायचे याची चौकशी सुरू होते. मीही अंगठा टाकून पुढे जायचे. चार वर्षांपूर्वी माझ्या पहिलीत एक मुलगा आला, तेव्हापासून तो अंगठा टाकताना हात अडखळतो.

माझी शाळा जिल्हा परिषदेची. कृष्णाकाठचं उसाचं गाव, चौथीपर्यंत वर्ग, दोन शिक्षक, पट अडतीस. मी 1997 साली नोकरीला लागले. म्हणजे मुलं काही मला नवी नव्हती. रडणारी, पळणारी, तासभर न बोलणारी, बाकाखाली जाऊन बसणारी, सगळी पाहिलेली. त्या गुर्मीतच मी या मुलाकडे पाहिलं. त्याचं नाव इथे देत नाही, गाव छोटं आहे.

पहिल्या दिवशी परिपाठाला साऊंड बॉक्स लावला तसा तो कानात बोटं घालून थेट फाटकाबाहेर, शेजारच्या उसात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. तो चावला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मुलाला मारणं शिक्षणहक्क कायद्याने बंद आहे हे मला पाठ होतं, त्यावर मी आमच्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोललेही होते. तरी घातला.

‘तुझं नाव काय?’ विचारलं की तो म्हणायचा, ‘तुझं नाव काय?’ मला वाटलं चिडवतोय. उरलेला वेळ तो एसटी स्टँडवरच्या घोषणा म्हणायचा, फलाट क्रमांकासकट, त्या माईकवाल्या माणसाच्या आवाजात. पोषण आहाराच्या ताटात उसळ भाताला लागली की ताट ढकलून द्यायचा. मी त्याला माजलेला म्हटलं. घरात लाडावून ठेवलाय, असं त्याच्या आईला सुनावलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘बाई, त्याला ऐकू येत न्हाई असं न्हाई. त्याला लय ऐकू येतंय.’

मी पुढे जे काही वाचलं, ऐकलं, त्यात या एका वाक्याइतकं नेमकं मला काही सापडलं नाही. आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर घणाचा टोला. तो टोला आपल्याला सुट्टीचा वाटतो. त्याला तो डोक्यात बसत होता. शब्दाच्या बदल्यात तोच शब्द परत करणं ही त्याची बोलण्याची सुरुवात होती, चेष्टा नव्हती. आणि ‘स्वमग्न’ हा शब्द तरी कितपत खरा? स्वतःत मग्न असलेल्या मुलाला गावातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ कशी माहीत असेल? मराठीत शब्द रुळलाय म्हणून मी वापरते, पण तो मुलाला पाहून केलेला वाटत नाही, लांबून पाहून केलेला वाटतो.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं, ही सबब मी देऊ शकते आणि ती खोटीही नाही. मी डी.एड. केलं त्या काळात अपंगांसाठीचा कायदा होता तो 1995 चा. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार, आणि त्या सातांत स्वमग्नता नव्हतीच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने यादी 21 प्रकारांपर्यंत नेली, त्यात तिला स्वतःची जागा मिळाली. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून किती मुलं गेली. त्यातल्या काहींचे चेहरे आता रात्री आठवतात. एकजण तर तिसरीतच शाळा सोडून शेळ्यांमागे गेला. त्याला आम्ही सगळे ‘येडा’ म्हणायचो. आम्ही म्हणजे मुलं आणि शिक्षकही.

तर या मुलाचं. आधी त्याचे कान तपासले, ते ठणठणीत निघाले. मग कुणीतरी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे त्याची स्वमग्नता मोजली गेली. ती मोजायची भारतीय मापनी आहे, ‘इसा’ म्हणतात तिला. 40 बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, बेरीज 70 किंवा वर गेली की स्वमग्नता धरतात. नजरेला नजर देतो का, बदल सोसतो का, उगाच हसतो-रडतो का, असं विचारत जातात. कागदाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण ज्या मुलाला गर्दी सोसत नाही त्याला ओपीडीच्या रांगेत चार तास उभं करून मग हे प्रश्न विचारायचे. पहिल्या खेपेला तज्ज्ञांचा वार नव्हता. दुसऱ्या खेपेला तो जिन्याखाली लपला. तिसऱ्या खेपेला काम झालं. प्रमाणपत्रावर 40 टक्क्यांच्या वर आकडा आला, म्हणजे सवलतींना पात्र. तीन खेपा म्हणजे आईबापाच्या मिळून सहा हजेऱ्या. उसाच्या भांगलणीची हजेरी काय असते हे शेतकरी वाचकाला सांगायला नको.

प्रमाणपत्र शाळेत आलं. आम्ही काय केलं? यू-डायसच्या, म्हणजे शाळेच्या सरकारी माहितीच्या, फॉर्मवर दिव्यांग विद्यार्थी या रकान्यात एक आकडा वाढवला. आणि आईला सांगितलं, तुम्ही येऊन बसा.

हे वाक्य मी बोलले, म्हणून त्याबद्दल लिहिते. दिवाळीनंतर ती माउली रोज सकाळी डबा घेऊन यायची आणि व्हरांड्यात, वर्गाच्या दाराशी, पोतं टाकून बसायची. तो उठला की ती उठायची. तो पळाला की ती पळायची. शू-शीला तीच न्यायची. अधूनमधून माझ्या पोरांच्या पेन्सिली करून द्यायची, कारण नुसतं बसणं तिला जमत नव्हतं. चार महिने. तिची कामाची टोळी तिच्याशिवाय गेली, मग दुसरी बाई त्यात लागली. आणि मला मात्र वाटत होतं, छान चाललंय. वर्ग शांत, मूल हजर, तक्रार नाही. मुलाला शाळेने सामावून घेतलं म्हणायचं आणि सामावण्याचं सगळं काम आईच्या बुडत्या हजेरीवर टाकायचं, ही सोय मी एकटीने शोधलेली नाही. शहरातल्या फीवाल्या शाळांतही हीच रीत आहे, तिथे आईने पगार देऊन मदतनीस ठेवावा म्हणतात, एवढाच फरक.

आमच्या मुख्याध्यापकांनी दुसरा मार्ग सुचवला होता: गृहाधारित शिक्षण. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरीच शिकण्याचा पर्याय कायद्यात आहे. ज्याला अंथरुणावरून हलता येत नाही त्याच्यासाठी तो हवाच. पण धडधाकट पळणाऱ्या मुलाला तो सुचवला जातो तेव्हा त्याचा अर्थ ‘पटावर राहा, वर्गात नको’ इतकाच असतो. आईने नकार दिला. ‘घरी त्याला कोन हाय? शाळेत पोरं हायती,’ म्हणाली.

फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्याकडे विशेष शिक्षिका आल्या. कंत्राटी, तालुक्यातल्या कितीतरी शाळा त्यांच्याकडे, स्वतःच्या स्कूटरवर फिरणाऱ्या. त्यांनी मुलाला अर्धा तास नुसतं पाहिलं. मग मला व्हरांड्यात बोलावलं आणि वीस मिनिटं बोलल्या. त्या वीस मिनिटांनी मला जे दिलं ते पाच-पाच दिवसांच्या प्रशिक्षणांनी कधी दिलं नाही, आणि मी ती प्रशिक्षणं चहाबिस्किटांसकट पुष्कळ केली आहेत.

त्यांनी सांगितलं, त्याला शब्दाआधी चित्र द्या. दिवसभरात काय काय होणार ते एका पट्टीवर लावा, झालं की चित्र काढून खिशात टाकू द्या. मी जुन्या कॅलेंडरची पानं कापली, पोरांकडून चित्रं काढून घेतली: परिपाठ, पाटी, ताट, मैदान, घर. झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणलं. घंटेआधी त्याला सांगा, म्हणाल्या. म्हणून घंटेचा टोला मारायचं काम त्यालाच दिलं. आवाज आपण स्वतः काढला तर सोसतो, हे मला तेव्हा कळलं. राष्ट्रगीत आता आम्ही साऊंड बॉक्सशिवाय, गळ्याने म्हणतो, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा बरं म्हणतो. उसळ वेगळ्या वाटीत. कपाटामागे एक चटई, फार झालं की त्याने तिथे जाऊन बसायचं, कुणी हाक मारायची नाही.

सगळं जमलं असं नाही. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की अजूनही तो थरथरतो. गणितात पुढे आहे, गोष्ट सांगता येत नाही. पण दुसरीच्या जूनमध्ये आई व्हरांड्यात नव्हती. ती भांगलणीला गेली होती. आणि वर्गातली पोरं नव्याने आलेल्या पाहुण्यांना दटावत होती, ‘आधी दाखवा, मग बोलवा त्याला!’ पुढे वर्ग वाटून घेताना मी त्याच्याबरोबर वर सरकले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की स्वमग्न मुलाला मदत द्यायची तर ती त्याच्या वर्गशिक्षिकेच्या हातात, तिच्या वर्गात येऊन द्या. तज्ज्ञ महिन्यातून एकदा अर्धा तास भेटतो, ती रोज पाच-सहा तास भेटते. तिला पीडीएफ पाठवू नका. तिच्या शेजारी बसून मुलाकडे पाहणारं एक जाणतं माणूस पाठवा, आणि ते ठरलेल्या वारी, पुन्हा पुन्हा येऊ द्या.

हे काही मी एकटी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वसाधारण शाळांत विशेष शिक्षकांची कायम पदं निर्माण करायला सांगितलं. केंद्र सरकारने 2022 मध्ये प्रमाण ठरवलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक. आणि आपल्या राज्य सरकारने 2024 मध्ये 4,860 विशेष शिक्षकांची पदं मान्य केली, प्रत्येक शाळा-केंद्राला एक. निर्णय चांगला आहे, मी त्याचं कौतुक करते. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात, आणि त्या एका माणसाला कमी दिसणारी, कमी ऐकणारी, चालता न येणारी मुलंही पाहायची आहेत. त्याला जर माहिती अद्ययावत करा, शिबिराचे फोटो टाका, याद्या तीन प्रतींत द्या, या कामाला जुंपलं तर पद भरलेलं दिसेल आणि वर्गात कुणी पोचणार नाही. आम्हा शिक्षकांचं मतदारयाद्यांपायी काय होतं ते उभा महाराष्ट्र पाहतो. निदान यांना सोडा. आठवड्यातले चार दिवस वर्गात, एक दिवस कागदाला, असं लेखी आदेशात येऊ द्या.

पैशांचंही तसंच. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, त्यात वाचा-उपचार आणि इतर थेरपीचा खर्चही बसतो. आमच्या मुलाच्या आईला ती माहीत नव्हती, आणि मलाही नव्हती. स्कूटरवाल्या बाईंनीच सांगितली. मात्र आधी खिशातून भरायचं, मग पावत्या लावून परत मागायचं. पगारदाराला ते जमतं. प्राप्तिकरात दिव्यांग मुलासाठीची 75 हजारांची वजावटही कर भरणाऱ्यालाच मिळते. भांगलणीला जाणाऱ्या बाईने जिल्ह्याच्या गावी दर आठवड्याला थेरपीला जायचं तर हजेरी बुडते आणि एसटीचं तिकीट लागतं. त्या दोन गोष्टी कुठल्या पावतीत बसवायच्या? तालुक्याला आठवड्यातून एक दिवस तरी थेरपिस्ट बसवा, ग्रामीण रुग्णालयाची एक खोली पुरे.

आता तो चौथी पास होईल. पाचवी आमच्याकडे नाही, हायस्कूल तीन किलोमीटरवर आहे. तिथे साडेआठशे पोरं, इलेक्ट्रिक बेल, दर तासाला वेगळे सर. प्रमाणपत्र त्याच्या दाखल्याबरोबर जाईल, पण प्रमाणपत्रात उसळीची वाटी लिहिलेली नसते. म्हणून मी दोनशे पानी वही घेतली. त्याला काय सोसत नाही, काय आवडतं, चिडला की काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, सगळं लिहिलंय. मी धरलेलं मनगट आणि घातलेला धपाटाही लिहिलाय, चावल्याचं कारण कळावं म्हणून. लॅमिनेशन केलेली चित्रं मागच्या पानाला दोऱ्याने बांधली आहेत.

असं मूल ज्यांच्या वर्गात आहे त्या शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीआधी अशी एक वही लिहावी. शासनाने त्याचा नमुना काढू नये, ही विनंती. नमुना निघाला की रकाने येतील.

माझी वही लिहून झाली आहे. ती कुणाच्या हातात द्यायची, म्हणजे पाचवीला त्याचे वर्गशिक्षक कोण, हे विचारायला मी दोनदा हायस्कूलला जाऊन आले. शाळा सुरू झाल्यावर कळेल, असं सांगितलं.