पडलेले जनावर आणि डॉक्टरांचा कागद



मृग बरसला की आमच्या उंद्री परिसरात बैलाला मोल चढते. अशाच ऐन पेरणीच्या दिवसांत ओळखीच्या एका शेतकऱ्याचा बैल नाल्याच्या काठावरून घसरला. मागच्या पायाचे हाड मोडून कातडीबाहेर आले. बातमी आम्हाला पहिल्याच दिवशी कळली होती. आम्ही हळहळलो आणि कामावर निघून गेलो. तिसऱ्या दिवशी शेतावर गेलो तेव्हा बैल तसाच बांधावर पडलेला होता आणि जखमेत अळ्या झाल्या होत्या. ते तीन दिवस आजही आम्हाला खातात.

भोवती माणसे जमली होती. एक म्हणाला, "व्यापाऱ्याला बोलवा, चार पैसे तरी येतील." दुसरा म्हणाला, "आपल्या हाताने पाप नको, आपोआप मरू द्या." तिसऱ्याने भाकरीत फवारणीचे औषध कालवून द्यायला सांगितले. घरधनीण पदराने माशा वारत बसली होती. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, याचं कायतरी करा." डॉक्टरांचे नाव निघाले होते, पण "आता डॉक्टर काय करणार?" असे म्हणून सर्वांनी ते सोडून दिले होते.

डॉक्टर पुष्कळ करू शकतात. हे तिन्ही सल्ले कसे चुकीचे होते, ते आज क्रमाने पाहू.

पहिला सल्ला व्यापाऱ्याचा. महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा १९७६ सालचा. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि गाईबरोबर वळू व बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. पाय मोडला म्हणून बैलाच्या कत्तलीची मोकळीक मिळत नाही. म्हशीची गोष्ट वेगळी. पण तिलाही सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. शिवाय गुरे वाहनातून न्यायची तर ती प्रवासास योग्य आहेत, असे पशुवैद्याचे प्रमाणपत्र लागते. ज्या जनावराला उभेच राहता येत नाही, त्याला ते कसे मिळणार? दोर लावून ट्रकमध्ये ओढणे ही उघड क्रूरता आहे.

युरोपात अपघातग्रस्त जनावर शेतावरच कापण्याची तरतूद आहे. पण तिथेही अट अशी की, जनावर एरवी निरोगी असले पाहिजे. कापण्यापूर्वी पशुवैद्याने ते तपासावे लागते, आणि त्याचा लेखी दाखला सोबत असल्याशिवाय ते धड कत्तलखान्यात घेत नाहीत. तिथपर्यंत पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागणार असेल, तर हवा पुरेशी थंड नसल्यास धड थंड ठेवावे लागते. आजारी जनावराला ही सवलतच नाही. म्हणजे आधी डॉक्टर, मग सुरी.

याचे कारण उघड आहे. आजारी जनावराच्या अंगात रोग असतो, आणि टोचलेल्या औषधांचा अंशही असतो. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचे औषध दिलेली मेलेली गुरे खाऊन देशातली गिधाडे संपत आली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्याची बंदी झाली. आमच्या वस्तीतल्या तरुण मुलांनी आज आभाळात गिधाड पाहिलेले नाही. आणि जनावर अचानक मेले, नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर ती फाशी म्हणजे काळपुळी असू शकते. अशा जनावराला सुरी तर नाहीच, हातही लावू नये. तो रोग माणसाला होतो, आणि त्याचे बीज मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते.

दुसरा सल्ला आपोआप मरू देण्याचा. तळमळणाऱ्या जिवाकडे पाठ फिरवून पुण्य कसे लागेल? प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम १३ मध्ये याचा विचार केलेला आहे. जनावर इतके जखमी असेल की त्याला जिवंत ठेवणेच क्रूरता ठरेल, तर काय करायचे ते तिथे सांगितले आहे. मालक हजर नसेल वा संमती देत नसेल, तर हवालदारापासून वरच्या दर्जाचा पोलीस पशुवैद्याला बोलावू शकतो. डॉक्टरांनी तसा दाखला दिला की दंडाधिकाऱ्यांचा हुकूम घेऊन त्या जिवाला वेदनेतून सोडवता येते. साथीच्या रोगांसाठी २००९ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. त्यातही पशुवैद्याच्या लेखी मताने दयामरणाची सोय आहे.

तिसरा सल्ला विषाचा. विषाने जनावर तडफडून मरते. क्रूरतेने मारणे हा त्याच १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. वर ते मढे खाऊन कुत्री मरतात ती वेगळीच.

आम्ही फोन केला. डॉक्टर आले, त्यांनी बैल तपासला. पाय जुळण्यापलीकडे गेला होता. मालकाची संमती आणि पंचांच्या सह्या घेऊन त्यांनी कागद केला आणि बेशुद्धीच्या औषधाची मोठी मात्रा दिली. बैलाने मान टाकली. घरधनिणीने त्याच्या शिंगांना हळद लावली.

खरी गोष्ट यापुढे आहे. तासाभरात आमच्या वस्तीत निरोप आला, "ढोर ओढायला दोन माणसं पाठवा." पाचशे रुपयांसाठी एक तरुण निघालाही होता. आम्ही त्याला थांबवले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले. आपल्या आजा-पणजांनी ओढणे सोडले, उपासमार सोसली, बहिष्कार सोसला. तो निरोप आजही आपल्याच दारी का यावा? आणि ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात काय झाले ते आठवा. मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना गाय मारल्याच्या संशयावरून उघड्यावर फोडून काढले. गाय मेलेली होती, पण ते ऐकून घेणारा कोणी नव्हता.

म्हणून आमचे सांगणे असे. जनावर पडले की पहिल्याच तासाला पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. तोवर त्याला सावली करा, पाणी द्या, अंगाखाली कडबा टाका, दर काही तासांनी कूस बदला. शेपटीला वा शिंगाला दोर लावून ओढू नका. विमा असेल तर कानातला बिल्ला काढू नका आणि दाखल्याची प्रत जपून ठेवा. दयामरण दिलेल्या जनावराचे मांस माणसाने खाऊ नये आणि कुत्र्यालाही घालू नये. खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. ते काम यंत्राने करून घेणे मालकाचे आहे. ते आपल्या वस्तीच्या गळ्यात पडू देऊ नका.

त्या दिवशी यंत्र बोलावून बैल शेतातच पुरला. मालकाने भाडे दिले, कुरकुर केली नाही. तो कागद आता त्याच्या पेटीत आहे. तो पहिल्या दिवशी झाला असता तर त्या मुक्या जिवाचे तीन दिवस वाचले असते. आपल्या गावात तेवढा उशीर होऊ देऊ नका.

जयभीम.