जुने नगर राखावयाचे म्हणजे काय?

राजवाड्याच्या सात मजल्यांकडे मान उंच करून न पाहिलेला इंदूरचा विद्यार्थी विरळाच. खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी, हे आमच्यापैकी बहुतेकांस पाठ असते. १८०१, १९०८ आणि १९८४ अशी तीन वेळा ही वास्तू आगीच्या भक्ष्यस्थानी पडली आणि प्रत्येक वेळी पुन्हा उभी राहिली. तिच्याविषयी नगरवासीयांस वाटणारा अभिमान रास्तच आहे. परंतु राजवाडा उभा आहे, एवढ्यावरून जुने इंदूर सुरक्षित आहे असे कोणी मानील, तर ती मोठी फसगत ठरेल. नगर हे राजवाड्याइतकेच त्याच्या भोवतालच्या गल्ल्यांतील वाड्यांचे, ओट्यांचे, दुकानांचे आणि तेथे पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या कुटुंबांचे असते. ते राखण्याचा विचार आज कोण करीत आहे, हा आमचा प्रश्न आहे.

सरकार या बाबतीत अगदी स्वस्थ बसले आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २१ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने ‘हृदय’ नावाची योजना सुरू केली. वाराणसी, अमृतसर, अजमेर, पुरी, मथुरा, बदामी, वरंगळ इत्यादी बारा नगरांसाठी तीत ५०० कोटी रुपयांची तरतूद होती. त्याच वर्षी जून महिन्यात शंभर शहरांसाठी ‘स्मार्ट सिटी’ मोहीम निघाली आणि जानेवारी २०१६ मध्ये निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत आमच्या इंदूरचा समावेश झाला. राजवाडा आणि गोपाळ मंदिर यांच्या दुरुस्तीची कामे या मोहिमेत झाली. ही कामे चांगली झाली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

तथापि या योजनांचा सर्वसाधारण कल पाहिला म्हणजे मनात शंका उभी राहते. त्यांतील द्रव्य मुख्यत्वे मोठ्या वास्तूंवर, त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, फरसबंदीवर, दिव्यांच्या रोषणाईवर व प्रवाशांच्या सोयींवर खर्च होते. शिवाय योजनेला मुदत असते. ‘हृदय’ची मुदत ३१ मार्च २०१९ रोजी संपली, ‘स्मार्ट सिटी’ मोहीम ३१ मार्च २०२५ रोजी आटोपली. जुने घर मात्र दर पावसाळ्यात गळते, आणि त्याची निगा कोणत्याही मुदतीत संपत नाही.

कायद्याचीही स्थिती अशीच आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने देशातील सुमारे ३,७०० स्मारकांस केंद्राचे संरक्षण लाभले आहे. हा कायदा एकेका वास्तूस कवच देतो. साध्या गृहस्थाच्या वाड्याला, ज्याला ना राजाचे नाव ना शिलालेखाचा आधार, त्याला त्या कायद्यात स्थान नाही. अशा घराच्या दारी सरकारचा माणूस येतो तो बहुधा नोटीस घेऊनच. घर धोकादायक आहे, उतरवून घ्या. किंवा रस्ता रुंद करावयाचा आहे, पुढचा भाग काढून टाका.

वाड्याचा दर्शनी खण कापणे म्हणजे काय, हे आमच्या बालमित्रांनी समजून घ्यावे. वाडा हा खांब, तुळया आणि सरे यांनी एकमेकांस धरून ठेवलेला सांगाडा असतो. पुढचा खण गेला की तुळयांची टोके उघडी पडतात, त्यांत पाणी मुरते, आणि दहा-वीस पावसाळ्यांत मागचे माजघरही खचू लागते. मग ज्या घरावर रस्त्यापायी करवत चालली, तेच घर ‘जीर्ण’ म्हणून पाडले जाते. त्यातच भाऊबंदांच्या वाटण्या झालेल्या, भाड्याचे आकडे आजोबांच्या वेळचे, आणि चुना घोटणारे गवंडी व जुने सागवान जोडणारे सुतार दुर्मिळ. अशा स्थितीत मालकाने घर विकून नव्या वसाहतीत जावे, यात नवल ते कसले? त्याला दोष देण्यापूर्वी आपण त्याला काय साहाय्य केले, हे समाजाने स्वतःस विचारावे.

याच इंदुरात शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचा फार खोल विचार झाला होता, ही गोष्ट आज थोड्यांनाच ठाऊक आहे. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार येथे आले आणि १९१८ मध्ये त्यांनी दोन खंडांचा अहवाल सादर केला. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू करणारे प्राध्यापक ते हेच. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. म्हणून नगराकडेही ते सजीव देहाप्रमाणे पाहत. आधी निदान आणि मग उपचार, हा त्यांचा आग्रह होता. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता चिरीत नेण्यास त्यांचा विरोध असे. खरोखरच पडकी झालेली तेवढीच घरे काढावी, मोकळ्या झालेल्या जागी लहानसा चौक करावा, झाड लावावे आणि बाकीची घरे दुरुस्त करावी, ही त्यांची पद्धत होती.

त्यांच्या इंदूरच्या मुक्कामातील एक हकीकत चरित्रकारांनी सांगितली आहे. नगरात प्लेगचे भय होते. गेडिस यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढण्याचे ठरविले आणि जाहीर केले की, ज्या मार्गावरील घरे अधिक स्वच्छ आणि अधिक दुरुस्त असतील, त्याच मार्गाने मिरवणूक जाईल. लोकांनी आपापली घरे झाडली, सारवली, डागडुजी केली. एक अवाढव्य उंदीर प्लेगचे रूप म्हणून मिरवणुकीत होता. २०१७ पासून सलग सात वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरला या हकीकतीचे मर्म सांगावयास नको. हुकुमाने जे झाले नसते, ते लोकांना विश्वासात घेतल्याने झाले.

यावर कोणी म्हणेल की, शहर वाढले, वाहने वाढली. अरुंद गल्लीत आगीचा बंब शिरत नाही, रुग्णवाहिका अडते. हा आक्षेप खोटा नाही. लाकडी वास्तूला आगीचे भय किती, हे राजवाड्याच्या इतिहासानेच शिकविले आहे. काही ठिकाणी रस्ता करावाच लागेल. आमचे म्हणणे एवढेच की, नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी त्या रेघेखाली कोणते घर येते, त्यात कोण राहतो, त्याचे काय मोल आहे, हे पाहिले जावे. रेघ आधी आणि पाहणी मागाहून, हा क्रम उलटा आहे.

हे अशक्य नाही. अहमदाबादच्या महापालिकेने १९९६ मध्ये वारशासाठी स्वतंत्र कक्ष उघडला. तटाच्या आतील पोळांमधील जुन्या घरांची सूची झाली. सूचीतील घर राखणाऱ्या मालकास तेथे न वापरलेला बांधकामाचा हक्क इतरत्र विकता यावा, आणि त्या पैशातून दुरुस्ती व्हावी, अशी तरतूद पुढे करण्यात आली. २०१७ मध्ये त्या नगरास जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथेही जुनी घरे पडतच आहेत, सर्व काही आलबेल नाही. परंतु घर राखणाऱ्याच्या हाती काही पडले पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले, हे महत्त्वाचे.

आमच्या मते कोणत्याही पुढील योजनेत तीन गोष्टी अवश्य असाव्या: जुन्या घरांची घरोघर पाहणी करून केलेली सूची, राहत्या कुटुंबास दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज व जाणत्या कारागिरांचे साहाय्य, आणि योजनेची मुदत संपल्यावरही निगेसाठी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात कायमची रक्कम.

सूचीचे काम मात्र सरकारची वाट न पाहता आजच सुरू होऊ शकते, आणि ते आमच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. प्रत्येकाने येत्या सुट्टीत आपल्या गल्लीतील एका वाड्याची माहिती लिहून काढावी: किती चौक, किती खण, दिंडी दरवाजा आहे की नाही, कोनाडे कोठे, घर कोणी बांधले, आता कोण राहते. आजोबा-आजींस विचारावे, मापे घ्यावी, चित्र काढावे. अशा शंभर वह्या जमल्या, तर रस्त्याची रेघ ओढणाऱ्यापुढे त्या ठेवता येतील. आणि येथे काहीच राखण्याजोगे नव्हते, असे म्हणण्याची सोय कोणालाही उरणार नाही.