दुसऱ्या टर्मचा अर्ज

न्यू जर्सीत स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहायचे तर मोजक्या मतदारांच्या सह्या पुरतात. पक्षाचे तिकीट लागत नाही, अनामत भरावी लागत नाही, आणि निवडून आल्यावर पगारही मिळत नाही; कायद्यानेच हे काम बिनपगारी ठेवले आहे. त्यामुळे पहिल्यांदा उभे राहण्याचा निर्णय बरेचदा तिरीमिरीत होतो. बसचा मार्ग बदलला, गणिताचा वरचा वर्ग बंद झाला, दिवाळीची सुट्टी मिळेना. चार घरांत बोलणे झाले, कुणीतरी म्हणाले, "तूच उभी राहा ना," आणि संध्याकाळपर्यंत सह्या गोळा झाल्या. तीन वर्षांनी तोच अर्ज पुन्हा भरताना तिरीमिरी उरलेली नसते. त्या वेळी मात्र विचार करायला हवा, आणि आमच्या मते तो हवा तितका होत नाही. मध्य न्यू जर्सीच्या बोर्डांवर भारतीय नावे आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यामुळे हा प्रश्न मराठी घरांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचला आहे: पुन्हा उभे राहावे, की पुरे म्हणावे?

पुन्हा उभे राहण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे तो बजेटचा. नोव्हेंबरात निवडून आलेली सदस्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शपथ घेते. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये गव्हर्नरांचे बजेट येते, त्यापाठोपाठ राज्याकडून किती मदत मिळणार तो आकडा येतो, आणि एप्रिलच्या अखेरीच्या सुमारास स्कूल डिस्ट्रिक्टच्या बजेटवर जाहीर सुनावणी होऊन मतदान होते. म्हणजे कोट्यवधी डॉलरच्या ज्या बजेटवर ती पहिल्यांदा मत देते, ते तयार होत असताना ती नवखीच असते. आणि हे बजेट सरळ नसते. मालमत्ता करात शाळांसाठीची वाढ २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन राज्याने २०११पासून घातले आहे. आरोग्यविम्याचे हप्ते, बसगाड्यांचे करार, विशेष गरजा असलेल्या मुलांची डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळांतली फी यांना असे कुठलेच बंधन नाही. २००८च्या कायद्याने ठरवलेले राज्याच्या मदतीचे सूत्र २०१८मध्ये बदलले आणि अनेक डिस्ट्रिक्टांची मदत वर्षागणिक कमी होत गेली. कोविडकाळात केंद्राकडून आलेल्या पैशांची मुदत सप्टेंबर २०२४मध्ये संपली. त्या पैशांवर जिथे समुपदेशक आणि शिक्षक नेमले होते तिथे त्यांचे काय करायचे, हा प्रश्न बोर्डापुढे येऊन पडला. पहिल्या वर्षी सदस्या विश्वासावर मत देते. दुसऱ्या वर्षी प्रश्न विचारू लागते. कोणती रक्कम कोणत्या ओळीत दडलेली असते हे तिसऱ्या वर्षी कुठे तिला कळू लागते, आणि नेमकी तेव्हा टर्म संपते.

शिक्षकांच्या संघटनेशी होणारा करारही बहुधा तीन वर्षांचा असतो. डिस्ट्रिक्टचे प्रशासन चालवणाऱ्या सुपरिंटेंडंटचा करार तीन ते पाच वर्षांचा. एका टर्ममध्ये यांतली एखादीच वाटाघाट वाट्याला येते, आणि पहिल्या वाटाघाटीत माणूस मुख्यतः ऐकतच असतो. शिवाय राज्य प्रत्येक नव्या सदस्याला प्रशिक्षण सक्तीचे करते, ते पहिल्या वर्षी आणि पुढच्या दोन्ही वर्षी. इतके शिकवून तयार केलेली सदस्या तिसऱ्या वर्षाअखेर घरी गेली, तर ती शिकवणी वाया गेली असे म्हणणाऱ्यांचे चूक नाही.

दुसरी बाजू आकड्यांत मांडता येत नाही, म्हणून ती हलकी वाटते. बोर्डाच्या सभेत थोडा वेळ बसले की ती दिसते. लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटे असतात, समोर टायमर लावलेला असतो. मुलीची शाळा बंद करू नका म्हणून एक आई घामाघूम होऊन कागदावरचे वाचत असते. सदस्य चेहरा स्थिर ठेवून ऐकतात, कारण तिथल्या तिथे उत्तर द्यायची रीत नाही आणि वकिलांनीही तसेच बजावलेले असते. टायमर वाजतो, पुढचे नाव पुकारले जाते. पहिल्या वर्षी हे पाहून अस्वस्थ झालेली सदस्या चौथ्या-पाचव्या वर्षी घड्याळाकडे पाहू लागते. यात दुष्टपणा नसतो. बोर्डाने शाळा चालवायच्या नसतात, त्या नीट चालतात की नाही हे पाहायचे असते, ही मर्यादा न्यू जर्सीच्या आचारसंहितेतच लिहिलेली आहे. ती पाळता पाळता सुपरिंटेंडंटच्या कार्यालयाची अडचण आपली अडचण वाटू लागते. बंद दाराआडच्या चर्चेत बरेच काही कळलेले असते, ते बाहेर सांगता येत नाही, आणि "तुम्हाला सगळे माहीत नाही" हे वाक्य जिभेवर बसते. पालकांची बाजू घेऊन गेलेली बाई पालकांना प्रशासनाची बाजू समजावून सांगत परत येते. न्यू जर्सीत किती टर्म घ्याव्यात यावर कायद्याची मर्यादा नाही. समोर कुणी उभेच नाही अशा जागाही दर वर्षी बऱ्याच असतात. त्यामुळे हा बदल झाला आहे की नाही हे मतदार तपासतील, यावर विसंबून राहता येत नाही.

इथे आपल्याच लोकांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. २०१५ साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानांचे पत्र लिहिले. आधीच्या शैक्षणिक वर्षात माध्यमिक आणि हायस्कूलच्या १२० विद्यार्थ्यांना मानसिक तपासणीची शिफारस करावी लागली होती, ४० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. पुढे तिथे हायस्कूलच्या सहामाही व वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठमुक्त ठरल्या, लहान मुलांसाठीचा गणिताचा प्रगत वर्ग मागे घेण्यात आला. त्या वर्गात बहुसंख्य मुले आशियाई घरांतली होती. डिस्ट्रिक्ट जवळजवळ वांशिक रेषेवर दुभंगला. मुलांच्या कष्टांची शिक्षा मुलांनाच का, असे अनेक भारतीय आणि चिनी पालक विचारत होते, आणि तो प्रश्न पोकळ नव्हता. पण रुग्णालयात गेलेली मुलेही कुणाच्या तरी घरचीच होती.

अशा वेळी आपल्या मतांवर निवडून आलेल्या सदस्येने काय करायचे? एकदाच निवडून यायचे ठरवलेली सदस्या मोकळेपणाने मत देऊ शकते. पुन्हा उभी राहणार असलेली सदस्या नोव्हेंबर मोजत असते. तिसऱ्या वर्षी शाळांच्या हद्दींची फेरआखणी पुढे ढकलली जाते, शाळा बंद करण्याचा ठराव "अधिक अभ्यासासाठी" परत जातो. पुन्हा निवडून यायची इच्छा माणसाला लोकांना उत्तरदायी ठेवते हे खरे. ती भित्रेही करते, हेही तितकेच खरे. या दोहोंत आम्ही पहिल्याला थोडे अधिक वजन देतो, कारण लोकांचे भय अजिबात नसलेल्या बोर्डाचे काय होते ते सॅन फ्रान्सिस्कोने पाहिले आहे. कोविडमध्ये तिथल्या शाळा दीर्घकाळ बंद होत्या आणि बोर्ड त्याच काळात ४४ शाळांची नावे बदलण्याच्या वादात आणि लोवेल हायस्कूलच्या गुणवत्तेवरील प्रवेशाच्या वादात गुंतले होते. फेब्रुवारी २०२२मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीआधीच मोठ्या बहुमताने घरी पाठवले, आणि त्यात आशियाई पालकांचा वाटा ठळक होता.

महाराष्ट्रात न्यू जर्सीच्या अगदी उलट मांडणी आहे. शिक्षणहक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि समिती दर दोन वर्षांनी नव्याने बनते. पुन्हा-पुन्हा निवडून येऊन जुने होण्याची भीती तिथे फारशी नाही; पण समितीला कर लावता येत नाही आणि शिक्षकही नेमता येत नाहीत. त्याआधी महापालिकांची शिक्षण मंडळे होती, त्यांवर नगरसेवक सदस्य निवडून देत, आणि तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्यांची सोय म्हणून त्यांच्यावर कायम टीका व्हायची. सत्ता आणि मुदत दोन्ही योग्य मापात देणारी व्यवस्था कुणालाच अजून साधलेली नाही.

आमचा कल सांगायचा तर, दुसरी टर्म जरूर घ्यावी. एका टर्मवर थांबणे नम्रपणाचे वाटते, पण त्यात डिस्ट्रिक्टचा तोटा असतो. नऊ सदस्यांच्या बोर्डात दर वर्षी तीन जागांची निवडणूक होते, म्हणजे जुनी सदस्या उभी राहिली तरी नव्यांसाठी जागा राहू शकते. दोघींनी एकत्र प्रचार करण्यालाही कुणाची आडकाठी नाही. तिसऱ्या टर्मपासून मात्र "का नाही?" हा प्रश्न मागे पडून "का?" हा प्रश्न पुढे यावा. "अनुभव आहे" हे त्याचे उत्तर नव्हे. येत्या वर्षी संपणारा शिक्षकांचा करार, अर्धवट राहिलेली हद्दींची आखणी, नवा सुपरिंटेंडंट शोधणे, असे एखादे नाव घेता येण्याजोगे काम हातात असावे. आणि ज्यांनी आपल्याला बोर्डावर पाठवले त्यांना न रुचणारे एखादे मत दिलेले असेल, तर ते अर्ज भरण्यापूर्वी त्यांच्याच दिवाणखान्यात बसून सांगावे. असे एकही मत दिलेले नसेल, तर तीन वर्षे नक्की काय केले हे आधी स्वतःला विचारावे.

शेवटचे मूल हायस्कूलमधून बाहेर पडल्यावर उभे राहावे का, हेही विचारले जाते. आम्हाला त्यात वावगे दिसत नाही. स्वतःच्या मुलाचा वर्ग डोळ्यांपुढे नसला की गणिताच्या वर्गावर शांतपणे मत देता येते. घरात शाळेतून परतणारे कुणी उरलेले नसले की काय-काय कळेनासे होते, तेही आहेच. वर्षातून चार वेळा शाळांच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसल्याने ते थोडेफार भरून निघते.

आपल्या लोकांच्या बाबतीत एक गुंता आणखी आहे. एच-१बी किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे अडकलेल्या असंख्य भारतीय घरांची मुले याच शाळांत शिकतात, ती घरे मालमत्ता कर थेट किंवा भाड्यातून भरतात, पण आई-वडिलांना मत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६च्या सार्वमतानंतर नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डासाठी मत दिले; न्यूयॉर्कच्या जुन्या सामुदायिक बोर्डांतही अशा पालकांना मत होते. नेवार्कने २०२५पासून १६ आणि १७ वर्षांच्या मुलांना स्कूल बोर्डासाठी मत दिले आहे. न्यू जर्सीतल्या बिगरनागरिक पालकांना मात्र ते नाही. उलट मुले कधीच शाळेतून बाहेर पडलेल्या ज्येष्ठ घरमालकांना मत आहे, ते नेमाने मतदानाला जातात, आणि कराच्या बिलाचा जवळजवळ निम्मा भाग शाळांकडे जात असल्याने त्यांचा आवाजही रास्त आहे. दुसऱ्या टर्मची उमेदवार मते मागायला या ज्येष्ठांच्या दारी जाणारच. तीन वर्षांत तिने मत नसलेल्यांची दारे किती वेळा ठोठावली, हे मात्र निकालातून कळणार नाही. ते सभांच्या मिनिट्समधून कळते: इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या मुलांचे शिक्षक कमी करण्याचा ठराव आला तेव्हा तिने काय विचारले, रोल कॉलमध्ये काय म्हटले. मिनिट्स कुणालाही मागून पाहता येतात, त्यासाठी मतदार असावे लागत नाही.